पंच नसलेला लमझना

बी.ए. होईपर्यंत माझी अशी समजूत होती, की शिकलेल्या माणसाला जगात कुठेही दार उघडं असतं. ही समजूत जबलपूरच्या होस्टेलनं करून दिली होती. गोंदियाहून छोट्या गाडीनं हाडं खिळखिळी करून घेत जबलपूर गाठलं, नाव नोंदवलं, की खाट मिळायची, टेबल मिळायचं, आणि कोण कुठला हे कुणी विचारायचं नाही. एम.ए.साठी नागपूरला गेलो तेव्हा कळलं, की तिथल्या होस्टेलात बी.ए.च्या पोरांनाच जागा पुरत नाही. एम.ए.वाल्यांनी आपापली सोय पाहायची. वर नियम असा, की पंधरा दिवसांच्या आत राहण्याचा पत्ता आणि त्याखाली शहरातल्या कुणा घरवाल्या गृहस्थाची पालक म्हणून सही, असा कागद ऑफिसात द्यायचा. नाही दिला तर नाव कापणार. परीक्षेच्या फॉर्मवर तीच सही पुन्हा लागणार. इतिहासाचा एम.ए. व्हायला आधी पालक पैदा करावा लागतो, हे मला जबलपुरात कुणी शिकवलं नव्हतं.

आमचं गाव नवेगाव बांधच्या पलीकडे दोन कोसांवर. आम्ही जातीनं कोहळी. आमच्या वाडवडिलांनी तलाव बांधले आणि तेव्हापासून आम्ही त्या तलावांबद्दल बोलत आलो आहोत. वडिलांची धानाची शेती होती आणि मी एकुलता एक. एम.ए. म्हणजे नेमकं काय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी समजावूनही सांगितलं नव्हतं, कारण त्यांना ते समजणार नाही अशी माझी खात्री होती. निघताना ते एवढंच म्हणाले, "पाहून ये. नाई जमला तं नांगर आहेच." त्या नांगराची मला भारी धास्ती होती. नागपुरात खोली मिळाली नाही, तर आयुष्यभर चिखलात पाय घालून धानाची रोपं लावायची, रोवणे करायचे, हे मला स्पष्ट दिसत होतं.

धर्मशाळेत तीन दिवसांवर राहू देत नसत. मी तीन दिवस एका धर्मशाळेत काढून चौथ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या धर्मशाळेत गेलो, आणि अशा दर तीन दिवसांनी धर्मशाळा बदलत रोज खोली शोधायला निघू लागलो.

महालातल्या एका निवृत्त मास्तरांनी मला झोपाळ्यावरून न उठता विचारलं, "कुठले?"

"गोंदियाकडचा."

"म्हणजे झाडीतले." त्यांनी झोपाळा थोडा मागे घेतला. "तुमच्याकडचा ताप वाईट असतो म्हणे. अंगात दबून राहतो."

मी सांगितलं की मला ताप नाही.

"सध्या नसेल," ते म्हणाले आणि पुन्हा झोका घेऊ लागले. या गृहस्थांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता.

दुसऱ्या घरी एका बाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, मासळी खाता का. तलावाच्या काठी जन्मलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे श्वास घेता का असं विचारणं आहे. मी नाही म्हणालो. बाईंनी माझ्या ट्रंकेकडे पाहिलं. ट्रंकेत आईनं सुकटीची पुरचुंडी घातली होती आणि तिचा वास आमच्या अर्जुनी स्टेशनापासून माझ्या सोबतीला होता. बाईंनी दार लावलं, तेही हळूच लावलं नाही.

तिसऱ्या घरी लग्न झालंय का असं विचारलं. नाही म्हणालो, तर घरात सुना आहेत म्हणून खोली नाही. शहाणा होऊन चौथ्या घरी लग्न झालंय असं ठोकून दिलं. तिथला मालक म्हणाला, मग बायको येणार, पाणी दुप्पट लागणार, आणि विहीर तर एकच. पाचव्या घरी मात्र सगळं जमलं. मालकाला ना तापाची भीती होती ना मासळीची. खोली पाहायला गेलो तर आत गाय बांधलेली. मालक म्हणाला, "ती भाद्रपदात विते. मग तिला मागे हलवू. तोवर जरा सांभाळून घ्या."

गायीचं एक बरं होतं, तिनं मला जात विचारली नाही. पण तिची पालक म्हणून सही चालली नसती.

अकराव्या दिवशी मी वडिलांना पत्र टाकलं. रोवण्याचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्याकडचा माणूस घरात कुणी वारलं तरच बांधी, म्हणजे धानाचं शेत, सोडतो. वडील रोवणा सालदाराच्या भरवशावर टाकून गोंदियाला आले, मला तार करून बोलावून घेतलं, आणि आम्ही दोघं तिथल्या एका ठेकेदाराच्या वसरीत जाऊन बसलो. वडिलांच्या पोटऱ्यांवर चिखल वाळलेला होता. मला त्याची लाज वाटली आणि मी पाय धुऊन घ्या असं त्यांना दोनदा सांगितलं.

हा ठेकेदार आमच्याच जातीचा. आमच्या जातीत तलाव बांधून नाव मिळवलेले पुष्कळ झाले, तलाव बांधून पैसा मिळवलेला हा एकटा, कारण तो सरकारचे तलाव बांधायचा. कचेरी आणि मोठं घर गोंदियात, दुसरं दुमजली घर नागपुरात. पोरांच्या शिक्षणासाठी बायकोमुलं तिकडे राहत. गोंदियाच्या वसरीत दिवसभर जातीची मंडळी बसलेली असायची, कारण जातीच्या सभेचं अध्यक्षपद रिकामं होणार होतं आणि ठेकेदाराला ते हवं होतं. चहा सतत चालू होता.

त्यानं माझ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, बाजारात बैल घेताना पाहतात तसं. मग विचारलं, "शादी?"

"नाही."

"अच्छा." एवढंच. मग वडिलांकडे वळून म्हणाला, "अरे, अपनाच लड़का आहे. खोली कायले शोधून राहिला? वरचा कमरा खाली पडला आहे आपला."

वडिलांनी भाड्याचं विचारलं. ठेकेदारानं दोन्ही कानांना हात लावले. "घर का लड़का आणि भाडा? काय पाप लावता भाऊ." बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. माझा कागद त्यानं तिथंच मांडीवर घेतला आणि पालक या शब्दापुढे ऐटदार सही ठोकली. वडिलांनी सोबत आणलेलं चिनोर तांदळाचं पोतं आतल्या माणसानं निमूट आत नेलं. मी मनात म्हटलं, शेवटी शिक्षणाची कदर करणारा माणूस भेटला. इतका मूर्खपणा मी त्याआधी कधी केला नव्हता, नंतर मात्र बरेचदा केला.

नागपूरच्या घरातली वरची खोली खरोखर चांगली होती. दोन खिडक्या, एक कपाट, आणि जेवायला खाली हाक. पहिल्या आठवड्यात ठेकेदारीणबाईंनी विचारलं, कॉलेजातून येताना भाजी आणाल का. दुसऱ्या आठवड्यापासून विचारणं थांबलं आणि पिशवी खुंटीला दिसू लागली. मग दोन धाकट्या पोरांचं गणित आलं. ती पोरं इतकी ठोंब होती, की त्यांना त्रैराशिक शिकवताना माझंच त्रैराशिक बिघडलं. मग स्टेशनावरून पाहुणे आणणं, दळण, वैद्याकडचा काढा. महिन्यातून दोनदा ठेकेदार येई तेव्हा सरकारी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकी. त्याची इंग्रजी टेंडरं मी लिहायचो. तीन तलाव आणि एक कालवा माझ्या इंग्रजीवर मंजूर झाले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं इतिहासाला लावलेला हातभार एवढाच.

हे सगळं मी का केलं, तर मला दुसरा अर्थ दिसत होता. बाई गोंदियाच्या, बोलणं निम्मं हिंदी. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत साऱ्या दुनियेला त्या भैया म्हणत. मला एकट्याला कधी म्हणाल्या नाहीत. घरात सोळा वर्षांची मुलगी होती, मॅट्रिकला. बाईंनी मला भैया म्हणू नये यातून मी काय समजायचं ते समजलो आणि स्वतःवर खूश झालो. त्या मुलीशी मी तोवर दहा वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो. मी तिला फारशी हुशारही समजत नव्हतो. पण एम.ए. झालेल्या माणसानं थोडं खाली उतरायला हरकत नाही, असं मोठ्या मनानं मी ठरवून टाकलं होतं.

पहिल्या दिवाळीत गावी गेलो. धान कापणीला आलं होतं. आमच्या बांधीला लागून एका गोंडाची शेती होती आणि त्याच्याकडे एक लमझना होता. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोराकडे लग्नाला खर्च करण्याची ऐपत नसली, की तो मुलीच्या बापाच्या घरी येऊन राहतो, ठरलेली वर्षं त्याच्या शेतात राबतो, आणि मुदत भरली की मुलगी त्याला देतात. त्याला लमझना म्हणतात. हा लमझना पंचविशीचा, रुंद हाडाचा, एका दमात दोघांचं काम ओढणारा होता. शिकलेले लोक या रिवाजाला हसायचे. मी तर खास हसायचो. जबलपुरात मित्रांना मी त्याची नक्कल करून दाखवली होती.

मी शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून त्याला नागपूरच्या गोष्टी सांगत होतो. तो कापता कापता ऐकत होता.

"भाडा किती?" त्यानं विचारलं.

"भाडं नाही."

"अन् जेवन?"

"तेही त्यांच्याकडेच."

"मंग काम काय करता?"

"काम कसलं. मुलांना शिकवतो. कधी बाजार आणतो. त्यांचे इंग्रजी कागद लिहितो."

"पोट्टी आहे का त्याची?"

"आहे एक."

त्यानं विळा धुऱ्यावर ठेवला आणि सरळ उभा राहिला. "मंग तुमी लमझना आहा जी."

माझं डोकं सणकलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा असती तर बरं झालं असतं. पण तो अगदी आपलेपणानं बोलत होता, एकाच धंद्यातला दुसरा माणूस भेटल्यासारखा. पुढे त्यानं विचारलं, "किती सालाचा बोल आहे? पंच कोन बसले होते?"

मी त्याला चांगलं सुनावलं. शिकलेल्या माणसांत असले सौदे नसतात, तिथं विश्वास असतो, बोलून दाखवायची गरज पडत नाही, वगैरे. नागपुरी थाटाच्या शुद्ध मराठीत सुनावलं, म्हणजे त्याला निम्मं कळू नये.

त्यानं पुन्हा विळा उचलला. "बोललेच नाई तं आठोन कोनाले राहीन?" तो म्हणाला आणि पुढची ओळ धरली. मी घरी येऊन आईला सांगितलं की हे लोक सुधारणार नाहीत.

दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात ठेकेदाराच्या मुलीनं एकदा जिन्यात मला थांबवलं. मी दळणाचा डबा घेऊन वर चढत होतो. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा तुम्हाला काही बोललेत का?"

"कशाबद्दल?" मी विचारलं. कशाबद्दल ते मला ठाऊक होतं.

"म्हणजे नाही बोलले," ती म्हणाली. "मलाही काही बोलले नाहीत." आणि ती खाली निघून गेली.

ज्या मुलीला मी बेताची समजत होतो, तिनं दीड वर्षात पहिल्यांदा त्या घरात सरळ प्रश्न विचारला होता. मी काय केलं, तर खोलीत जाऊन तिच्या प्रश्नात माझ्याबद्दल किती ओढ होती याचा हिशोब करत बसलो. तिला मदत हवी होती की इशारा द्यायचा होता, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी विचारलंच नाही.

पौष संपता संपता ठेकेदार नागपूरला आला. येताना त्यानं छापील पत्रिकांचा गठ्ठा आणला होता. तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "तुझा अक्षर अच्छा आहे. पत्ते लिहून दे. नाव चुकू देऊ नको, बडे लोग आहेत." मी वरची पत्रिका उघडून वाचली. वधूचं नाव त्या मुलीचं होतं. वर भंडाऱ्याकडचा कुणी नायब तहसीलदार होता.

कुणी म्हणेल, मग तुम्ही गठ्ठा त्याच्या अंगावर फेकला असेल. नाही फेकला. बसलो आणि सगळे पत्ते लिहिले, वळणदार अक्षरात, एकाही नावात चूक न करता. त्यात माझ्या वडिलांचाही पत्ता होता. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी गठ्ठा परत दिला तेव्हा ठेकेदारानं तो मोजून पाहिल्यासारखा हाताळला आणि म्हणाला, "लग्नाचे मेहमान येतील. वरचा कमरा लागेल. अमावास्येपर्यंत खाली कर बेटा." परीक्षा फाल्गुनात होती. मी म्हणालो, फॉर्मवर सही लागेल. "करू, करू. लग्न होऊ दे," तो म्हणाला. फॉर्मची शेवटची तारीख लग्नाच्या आधी होती. ते मी त्याला सांगितलं, तेव्हा तो आचाऱ्याशी बोलायला निघून गेला होता.

ट्रंक घेऊन मी गावी आलो. वडिलांना सगळं सांगितलं, अर्थात स्वतःकडे जेवढं कमी येईल तेवढं करून. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन असा काही बोलनं झाला होता का?" मी नाही म्हणालो. ते उठून बैलांकडे गेले. मला त्यांचा राग आला, कारण भाड्याचं विचारणारे त्या वसरीत ते एकटेच होते आणि तेव्हा मला त्यांच्या पायांवरचा चिखल दिसत होता.

त्याच आठवड्यात गावात पंच बसले. लमझन्याचे तीन पानकळे, म्हणजे तीन पावसाळे, भरले होते आणि सासरा फिरला होता. जंगलाच्या ठेक्यावरचा एक मुकादम मुलीला मागत होता, सायकलवाला. गोंडांची पंचायत मोहाच्या झाडाखाली बसली. मला दुसरं काम नव्हतं म्हणून मी जाऊन उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर अजून कुणीतरी बुडताना पाहायची इच्छा होती.

लमझना उभा राहिला. अंगावर धुतलेलं धोतर होतं. म्हणाला, "तीन पानकळे नांगर धरलो. बोडीची पाळ फुटली तं छातीएवढ्या पान्यात उभा राहून माती टाकलो. दोनदा घर शाकारलो. मी या घरचा लमझना आहो. माहा बोल मले द्या."

बस, एवढंच. बोल ठरला तेव्हा हजर असलेल्या तिघांनी आपापल्या जागेवरून सांगितलं, हो, आमच्यापुढे तीन सालाचा ठरला होता. सासरा सायकलीचं काहीतरी पुटपुटला. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "तीन साल याले रांधून घातलो. आता याले कोठी पाठवता?" लोक हसले, सासराही हसला, आणि हळदीचा दिवस ठरला. माझ्या प्राध्यापकांना एवढ्या वेळात प्रस्तावनासुद्धा आटोपता येत नसे.

नंतर लमझना माझ्याकडे आला. माझी कहाणी त्याच्या कानावर गेली होती, गावात काही लपत नाही. मी म्हटलं, "तुझे पंच होते. माझे नव्हते."

"नव्हते तं आता बसवा," तो म्हणाला. "त्याच्या वसरीत तुमच्या जातीचे मानसं बसून राहतेत ना? त्यायच्यापुढे उभे राहा. सांगा, मी या घरचा लमझना आहो, दोन साल राबलो. पोट्टी नका मांगू, ते तं गेली. तुमची सही मांगा. चार मानसायपुढे तो नाई कसा म्हनन?"

त्याचं म्हणणं पक्कं होतं. ठेकेदाराला अध्यक्ष व्हायचं होतं. जातीतल्या पोराला लमझना म्हणून राबवलं आणि हाकललं, हे वसरीतून बाहेर गेलं असतं तर त्याला ते परवडणारं नव्हतं. एका सहीवर तो सुटत होता. मी दुसऱ्याच दिवशी अर्जुनीहून गाडी धरली. गाडीत मी ते वाक्य मनात घोकत होतो. मी या घरचा लमझना. फॉर्म कोटाच्या आतल्या खिशात होता.

गोंदियाला ठेकेदाराची वसरी भरलेली होती. लग्नाची गडबड, आठ-दहा माणसं, चहा. मोरगावकडचा एक म्हातारा पुढेच बसला होता, पांढऱ्या मिशांचा, ज्याच्या शब्दाला सगळ्या जातीत मान होता. मी उभाच राहिलो आणि म्हणालो की मला सर्वांसमोर एक गोष्ट सांगायची आहे. ठेकेदाराचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला. त्याला भीती वाटली होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी सही सांगितली, फॉर्म सांगितला, तारीख सांगितली. मग म्हाताऱ्यानं चुन्याचा हात पुसत शांतपणे विचारलं, "पोरा, पन तू यायच्या घरी कोन म्हनून राहत होता?"

यापेक्षा सोपा प्रश्न मला एम.ए.च्या कुठल्या पेपरात आला नसता. म्हातारा मला रस्ताच काढून देत होता. कदाचित सारं त्याच्या लक्षात आलं होतं. उत्तर मला पाठ होतं. मी सगळ्यांकडे पाहिलं. कोपऱ्यात दोन गोंदियाचे व्यापारी बसले होते, स्वच्छ कपड्यांतले, एकाच्या हातात इंग्रजी वर्तमानपत्र होतं. मला माझा कोट आठवला, माझं अक्षर आठवलं, जबलपुरात केलेली नक्कल आठवली.

मी म्हणालो, "भाडेकरू म्हणून."

ठेकेदारानं कप पूर्ण रिकामा केला. घाई नव्हती आता. "भाडेकरू?" तो म्हणाला. "मी तं समजून राहिलो होतो, घर का लड़का आहे. म्हणून पालक होऊन सही केली. भाडेकरू आहे तं ठीक आहे. पण भाडा तं कधी दिसला नाही." वर्तमानपत्रवाला हसला. "आणि भाडेकरू के कागद पर मालक पालक कसा होईल बेटा?"

म्हाताऱ्यानं तंबाखूची डबी उघडली आणि शेजारच्याला तलावाच्या गाळाबद्दल काही विचारू लागला.

फॉर्मची तारीख गेली. नागपूरला जाऊन ऑफिसातल्या कारकुनाच्या हातापाया पडून झालं. तो म्हणाला, पालक आणा. त्या शहरात मला पालक होईल असा कुणी नव्हता, गाय धरली तरी. परीक्षेला बसलो नाही. पुढच्या वर्षी धान आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी वडील आजारी पडले, आणि एम.ए. राहिलं ते राहिलंच. गोंदियाच्या शाळेत नोकरी लागली. ठेकेदार अध्यक्ष झाला. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी पोस्टानं आली, पाकिटावर माझ्याच अक्षरात वडिलांचा पत्ता. आईनं ती देवापुढे ठेवली, आईला कोण काय बोलणार.

गोंदियाच्या वसरीतून गावी परतलो त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. वाटेवरच लमझना भेटला, सासऱ्याच्या बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर माती चढवत होता. लग्न आठवड्यावर आलं होतं तरी काम चालूच होतं. मला पाहून त्यानं टोपली खाली ठेवली.

"सांगतले का?"

"नाही," मी म्हणालो.

"काऊन?"

लाज वाटली असं त्याला सांगायचं, तर कशाची लाज तेही सांगावं लागलं असतं, आणि तो ते अंगावर घेऊन तीन वर्षं दिवसाढवळ्या गावात फिरला होता.

"मंग तुमी तं निंगाले तेथून," तो म्हणाला, "पन तुमचे दोन साल त्याच्याच घरी राहून गेले."

त्यानं टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि पाळीवर चढला. मी कोट काढून खांद्यावर टाकला आणि घरी गेलो.